हिस्टोग्राम : साक्षीदार की न्यायाधीश?

छायाचित्राच्या परीक्षणात हिस्टोग्रामला अलीकडे प्रमाणग्रंथाचे स्थान प्राप्त झाले आहे. आलेख मध्यभागी उंच व दोन्ही टोकांस उतरता असला की एक्स्पोजर बिनचूक, एरवी सदोष, असे नवशिक्यांस सांगण्यात येते. हे मत तपासून पाहणे अवश्य आहे.

हिस्टोग्राम ही वस्तुतः गणना होय. 0 म्हणजे निव्वळ काळे, 255 म्हणजे निव्वळ पांढरे. या 256 पायऱ्यांपैकी प्रत्येकीवर किती चित्रबिंदू पडले, एवढेच तो सांगतो. ते चित्रात कोठे आहेत, हे सांगत नाही. भाषेच्या अभ्यासकास ही मर्यादा परिचित आहे. शब्दांच्या वारंवारतेची यादी कितीही अचूक असली, तरी तिच्यावरून वाक्य पुन्हा उभे करता येत नाही.

गोंदिया जिल्ह्यातील सारसाचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात हा पक्षी आज मुख्यतः याच जिल्ह्यात, धानाच्या बांध्या व जुने मालगुजारी तलाव यांच्या आश्रयाने टिकून आहे. हिवाळ्यातील पहाटे धुक्यात उभ्या सारसाचे चित्र घेतल्यास राखी अंग, राखी धुके व फिकट पाणी यांमुळे सारा आलेख एका अरुंद उंचवट्यात गोळा होतो. छायाप्रकाशभेद अपुरा, असा निर्णय देऊन तो दोन्ही टोकांपर्यंत ताणावा, तर आलेख सुधारतो आणि धुके नाहीसे होते! ज्यास दोष म्हटले, तोच त्या पहाटेचा गुण होता.

याहून सूक्ष्म धोका सारसाच्या लाल मस्तकात आहे. तेजस्वितेचा एकत्रित आलेख तिन्ही रंगांस समान वजन देत नाही. एका प्रचलित सूत्रात लाल रंगाचा वाटा सुमारे 30 टक्के असतो. त्यामुळे उन्हात लाल रंग 255 वर पोहोचून मस्तकावरील तपशील नष्ट झाला, तरी निव्वळ लाल बिंदू या आलेखात 76 च्या आसपास, म्हणजे छायेच्या बाजूस, नोंदला जातो. रंगवार तीन आलेख पाहिल्याखेरीज ही हानी उघड होत नाही. उलटपक्षी, कॅमेऱ्यावरील आलेख बहुधा संस्कारित जेपेग चित्रावरून काढलेला असल्याने, त्यात गमावलेला दिसणारा तपशील कच्च्या नोंदीत शिल्लकही असू शकतो.

म्हणून हिस्टोग्राम त्याज्य ठरतो असे नव्हे. भर उन्हात कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांस फसवितो. तेव्हा टोकाशी झालेली बिंदूंची दाटी हा भरवशाचा पुरावा होय. मात्र तेथे धुके गमावले की सारसाचे मस्तक, हे ठरविण्यास चित्राकडेच परतावे लागते. साक्ष आलेखाची घ्यावी. निर्णय पाहणाऱ्याने द्यावा.