थांब्यांची मापे आणि सांध्यांची नावे

स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम. शाळेत पाठ केलेली ही चार नावे ओळीने म्हणून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. ही चिन्हांची नावे नाहीत, मापे आहेत. थोडे थांबा, निम्मे थांबा, पुरते नको पण बरेचसे थांबा, आणि आता पुरते थांबा. चिन्ह वाक्यात काय काम करते याबद्दल चौघांपैकी एकही नाव अवाक्षर काढत नाही. माझा आक्षेप याच गोष्टीला आहे. तो निव्वळ शब्दच्छल का नाही, ते पुढे सांगतो.

मोडीत विरामचिन्हे नव्हती. शब्दांमध्ये मोकळी जागाही नव्हती. शिरोरेघ आधी आखायची आणि तिच्याखाली लेखणी न उचलता लिहीत जायचे. पत्र संपले हे टिंबाने नव्हे, तर मोर्तबाच्या शिक्क्याने कळे. ‘लेखनसीमा’ असा मजकूर असलेले शिक्के जुन्या पत्रांच्या अखेरीस दिसतात. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो, पण त्यातला मोर्तब हा एका अर्थी मराठीचा पहिला पूर्णविराम होता, हे सहसा आठवत नाही. बाळबोध पोथीत श्लोकाच्या मध्यावर एक दंड आणि शेवटी दोन दंड येत. तीच उभी रेघ हिशेबाच्या वहीत गेली की पाव होई: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. पोथीत जी रेघ थांबवते, ती दुकानात मोजते. चिन्हाचे नाव त्याच्या कामावरून ठरायला हवे, ते यासाठी.

आजच्या पद्धतीची विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या कोशकार्यातले हे सहकारी. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचे पुस्तक १८५० चे. इंग्रजी शाळांत त्या काळी लिंडले मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणाचा मोठा दबदबा होता. मरे यांचा हिशेब सरळ होता: सेमीकोलनचा थांबा कॉमाच्या दुप्पट, कोलनचा सेमीकोलनच्या दुप्पट आणि पूर्णविरामाचा त्याच्याही दुप्पट. आपल्या चार नावांची चढती भाजणी या हिशेबाशी जुळते. इंग्रजी व्याकरणाने तो हिशेब पुढे बाजूला ठेवला. आपल्या नावांत मात्र तो गोठून राहिला आहे.

गंमत अशी की मूळ ग्रीक नावांत थांबण्याचा मागमूस नाही. ‘कोमा’ म्हणजे कापलेला तुकडा, ‘कोलोन’ म्हणजे अवयव, ‘पेरिओदोस’ म्हणजे फेरा, वळसा. ही मुळात वाक्याच्या भागांची नावे. ती नंतर त्या भागाच्या टोकाशी येणाऱ्या चिन्हांना चिकटली. आपल्याकडेही श्लोकाच्या भागाला पाद, चरण म्हणतात. म्हणजे तिकडे अवयव, इकडे पाय. भाषेचे शरीर पाहण्याची ही नजर दोन्हीकडे होती. शालेय परिभाषेत ती हरवली आणि हाती घड्याळ आले.

भिवंडीत राहणाऱ्याला याचा दुसरा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. इथे मराठी शाळा आहेत तशा उर्दू शाळाही आहेत. उर्दू व्याकरणात कॉमाला सक्ता म्हणतात, म्हणजे क्षणभराची शांतता. सेमीकोलनला वक्फा, म्हणजे मध्यंतर. पूर्णविरामाला खत्मा, आणि तो टिंब नसून आडवी बारीक रेघ असतो. इथवर विचार आपल्यासारखाच आहे. पण कोलनला उर्दूत नाव आहे राबिता. राबिता म्हणजे संबंध, जोड. एकाच गावात, एकाच इयत्तेतल्या दोन मुलांना त्याच दोन टिंबांबद्दल दोन उलट गोष्टी शिकवल्या जातात: एकाला सांगतात, इथे वाक्य अर्धवट थांबते, दुसऱ्याला सांगतात, इथे मागचे पुढच्याशी जोडले जाते. माझ्या मते दुसरे मूल चिन्हाच्या अधिक जवळ आहे. ‘मला तीन गोष्टी हव्यात:’ असे लिहिल्यावर वाचक थांबत नाही, पुढे वाकतो.

मराठीत या चिन्हाची आणखी एक अडचण आहे. ते विसर्गासारखे दिसते. विसर्ग म्हणजे सोडणे. विराम म्हणजे थांबणे. अर्थाने विरुद्ध टोकांची ही दोन चिन्हे कागदावर जुळी भावंडे आहेत. म्हणून सरकारी पत्रांत दोन टिंबांपुढे आडवी रेघ ओढायची सवय पडली असावी. संगणकावर तर अनेक जण ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी कोलनच टंकतात. डोळ्याला फरक कळत नाही, यंत्राला कळतो. शोध घेतला की ते दुःख सापडत नाही.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येतो. जमिनीचे जुने मोडी कागद वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. समजा, हिस्सेदारांच्या ओळीत ‘दामू रामा गणू हरी’ असे चार शब्द आहेत आणि मध्ये ‘बिन’ नाही. हे चार हिस्सेदार, की रामाचा दामू आणि हरीचा गणू असे दोनच? देवनागरीत उतरवताना मी तीन स्वल्पविराम घातले तर वाटेकरी चार होतात, एकच घातला तर दोन. ज्याला आपण ‘स्वल्प’ म्हणतो, त्याने इथे एकराचे तुकडे पडतात. ग्रीकांचा ‘कापलेला तुकडा’ इथे शब्दशः खरा ठरतो. म्हणून अशा ठिकाणी मी चिन्ह घालत नाही. दोन्ही वाचने खाली लिहून देतो आणि निर्णय सातबारा, फेरफार, वंशावळ यांवर सोडतो. छापील साधनग्रंथांतही मोडी पत्रांना विरामचिन्हे आढळतील, तेव्हा ती संपादकाची आहेत, लेखकाची नाहीत, हे वाचकाने विसरू नये.

लेखनिकांनी आणि पंतोजींनी चिन्हांना दिलेली नावे याहून डोळस होती. ओळीत राहिलेले अक्षर वर लिहून खाली जी खूण करत ती काकपद, कावळ्याचे पाऊल. हंसपद असेही म्हणत. इंग्रजीत याच खुणेला लॅटिनमधला ‘कॅरेट’ शब्द आहे; त्याचा अर्थ ‘उणे आहे’. एकाने रूप पाहिले, दुसऱ्याने काम पाहिले. थांबा कोणीच मोजला नाही. अक्षरातला स्वर काढला की आपण त्याचा ‘पाय मोडतो’. संगणकाच्या युनिकोड तक्त्यात याच पाय मोडण्याच्या खुणेला ‘विराम’ असे नाव आहे, आणि वाक्य थांबवणाऱ्या उभ्या रेघेला ‘दंड’. म्हणजे जगभरच्या यंत्रांत मराठी मजकुरातला विराम वाक्याच्या शेवटी नसून ‘सम्राट’मधल्या म आणि र यांच्या मध्ये आहे.

नावे बदला, अशी माझी मागणी नाही. पावणेदोनशे वर्षे रुळलेले शब्द लेखाने हलत नाहीत. पण व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्येक नावाखाली ‘किती थांबावे’ याच्या आधी ‘काय तोडते, काय जोडते’ ही ओळ यायला हवी. अपूर्णविरामाखाली ‘उर्दूत यास राबिता म्हणतात’ एवढे छापले तरी भिवंडीतल्या मराठी मुलाला ते चिन्ह कळेल. आणि शेजारच्या शाळेतल्या मुलाशी बोलायला त्याला एक विषय मिळेल.