चांदबिबीचा महाल आणि चांदबिबीचा अंत

राहुरीहून अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, इतिहासस्थळें पाहावयास जाणारीं कुटुंबें बहुधा भुईकोट किल्ला व 'चांदबिबीचा महाल' हीं दोन स्थळें पाहून परततात. दोन्ही ठिकाणीं नांव एकच ऐकूं येतें. परंतु त्या नांवाची जी कथा आपल्याकडे रूढ आहे ती अर्धीच आहे, आणि बोधाचा भाग नेमका गाळलेल्या अर्ध्यांत आहे, असें आमचें मत आहे.

रूढ कथा 1596 मध्यें संपते. मोगलांनीं सुरुंगानें तट उडविला, चांदबिबी तरवार घेऊन खिंडारांत उभी राहिली, रातोरात तट पुन्हा बांधला गेला. शौर्य खरेंच, पण मोगल येथें आले कसे, हा प्रश्न या कथेस सुचत नाहीं. 1595 मध्यें वारसाच्या वादावरून निजामशाहींत चार पक्ष झाले. दखनी व हबशी सरदार परस्परांवर उठले. प्रतिपक्षास नमविण्यासाठीं मियां मंजूनें अकबराचा पुत्र मुराद यास गुजरातेंतून बोलाविलें. घरचें भांडण तोडावयास आलेला हा पाहुणा वऱ्हाड पदरांत पाडूनच मागें फिरला.

उत्तरार्ध 1600 मधला आहे. पुन्हा वेढा पडला. किल्ला टिकत नाहीं हें ओळखून, आंतील लोकांचे प्राण वांचवून तो सोडावा असा विचार चांदबिबीनें मांडला. तोंच ती मोगलांस फितूर झाल्याची आरोळी हमीदखानानें उठविली, आणि तिच्याच लोकांनीं महालांत शिरून तिला ठार केलें. लवकरच किल्ला पडला व बाल सुलतान बहादुर ग्वाल्हेरच्या कैदेंत गेला.

1942 ते 1945 या काळांत याच किल्ल्यांत स्थानबद्ध असतां पंडित नेहरूंनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलें. त्यांत हा शेवट त्यांनीं वगळला नाहीं, हें त्यांस भूषणावह आहे. मात्र ते तिच्या पक्षांतील एका माणसाकडे बोट दाखवितात. फिरिश्त्याच्या वृत्तांतांत जमाव आहे. हा भेद लहान नव्हे. एका मारेकऱ्यास शासन करितां येतें. जमावास नांव नसतें.

आणि तो 'महाल'? शहा डोंगरावरील ती अष्टकोनी, तीन मजली वास्तु वस्तुतः सलाबतखानाची कबर होय. लोकांनीं तिला नसलेला महाल दिला आणि तिचा खरा अंत मात्र विस्मरणांत टाकिला.

कोणी म्हणेल, तडजोडीच्या आडून खरी फितुरीही होते. होते, 1759 मध्यें किल्लेदार कवीजंगानें पैसे घेऊन हाच किल्ला पेशव्यांच्या स्वाधीन केला. परंतु फितुरीचा निर्णय पुराव्यानें व्हावा, आरोळीनें नव्हे. आज मतभेद झाला कीं प्रतिपक्षी लगेच देशद्रोही ठरतो, आणि दोन्ही बाजूंस 'जरा बोलून पाहूं' म्हणणारा तर दोघांसही आधीं नकोसा होतो. ही संवय जेवणाच्या पंगतींतही शिरली आहे. शत्रूनें पाडलेलें खिंडार एका रात्रींत बुजवितां आलें. आपसांतील संशयाचें खिंडार चार वर्षांतही बुजलें नाहीं. मुलांस किल्ला दाखवितांना 1596 चें शौर्य अवश्य सांगावें. पण 1600 ची ती आरोळी सांगितल्यावांचून परतूं नये.