चाळीस दिवसांचें वाङ्मय

आत्मचरित्राची परीक्षा कशावरून करावी, याविषयीं आपल्या टीकाकारांत पुष्कळ वाद झालेले आहेत. कोणी सत्यकथनास मान देतो, कोणी आत्मपरीक्षणाच्या निर्भयतेस. माझें मत असें कीं, संकटाच्या ऐन शिखराचें वर्णन बहुतेकांस साधतें. परंतु संकट टळल्यावरचे जे दुखरे, कंटाळवाणे, परावलंबी दिवस, ते ज्यास लिहितां आले तोच खरा आत्मचरित्रकार. हें मत मला सुचलें तीन पुस्तकें एकापाठोपाठ वाचीत असतां, आणि पक्कें झालें तें दौंडास, एका बिछान्याशेजारीं बसलों असतां.

तीं पुस्तकें अशीं: लिव्हिंग स्माइल विद्या यांचें मूळ तामीळ व मागाहून इंग्रजींत आलेलें ‘आय अॅम विद्या’, ए. रेवती यांचें, व्ही. गीता यांनीं तामिळांतून इंग्रजींत उतरविलेलें व २०१० मध्यें प्रसिद्ध झालेलें ‘द ट्रूथ अबाउट मी’. आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचें, वैशाली रोडे यांनीं शब्दांकित केलेलें मराठी ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (२०१२). तिघीही जन्मतः मुलगे म्हणून वाढविल्या गेल्या. तिघींनींही आपण स्त्री आहों हें आंतून ओळखलें. पहिल्या दोघींनीं देह मनाशीं जुळविणारी शस्त्रक्रिया करून घेतली. हिजडा समाजांत तिला ‘निर्वाण’ म्हणतात.

विद्याबाई भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधर. घर सोडून त्या पुण्यास त्या समाजांत आल्या, दुकानांतून व आगगाडींतून हात पसरून त्यांनीं पैसे जमविले, आणि आंध्रांतील कडप्पा येथें एका लहानशा दवाखान्यांत शस्त्रक्रिया करून घेतली. अपुरी भूल, शुद्धीवर असतां सोसलेलें शस्त्र, आणि त्या वेदनेंतच वाटलेली मुक्तता, हें सारें त्यांनीं अलंकारांच्या नादीं न लागतां लिहिलें आहे. त्यापुढें येतो परतीचा प्रवास: जखम ओली, आणि पुण्यापर्यंत आगगाडी. माझ्या प्रतीच्या समासांत या ठिकाणीं मीं पेन्सिलीनें ‘करुणरसाचा अतिरेक’ असा शेरा मारला होता. तो मला पुढें खोडावा लागला. कां, तें सांगतों.

शिरूर तालुक्यांतील एका खेड्यांतून आलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. मी तिला शिकवीत होतों तेव्हां हजेरीपटावर तिचें नांव मुलाचें होतें. पुढें नोकरी लागल्यावर चार-पांच वर्षें पैसे सांठवून तिनें पुण्यास ही शस्त्रक्रिया करून घेतली. गांवीं गेल्यास दारांत माणसें जमतील, म्हणून तिच्या आईनें तिला आपल्या स्वतःच्या माहेरीं, दौंडास, भावाच्या घरीं नेलें. घर रुळांपासून फार दूर नाहीं. तें कळल्यावर मी शिरूराहून फळें आणि विद्याबाईंचें पुस्तक घेऊन भेटीस गेलों. पुण्याहून दौंड तें काय, पंचाहत्तर-ऐंशीं किलोमीटर. परंतु मोटारींत गादी घालून, वाटेंत थांबत थांबत तिला आणली, तरी प्रत्येक खड्ड्यागणिक तिनें आईचा हात आवळला होता. पुस्तक चाळून ती म्हणाली, “सर, कडप्प्याची गाडी पुण्याला जाते ती ह्याच रुळांवरून.” खरेंच होतें. मुंबईहून मद्रासेकडे जाणारा लोहमार्ग दौंड, सोलापूर, गुंटकल करीत कडप्प्यावरूनच जातो. मग अतिरेक कोणाचा? लेखिकेच्या करुणरसाचा, कीं समीक्षकाच्या अज्ञानाचा?

त्या घरांत मला जें दिसलें तें आपल्या प्रत्येक वाचकाच्या घरांत केव्हां ना केव्हां घडलेलें आहे. आई लेकीचें बाळंतपण करीत होती. दुसरा शब्द मला सुचत नाहीं. बाजेखालीं औषधें, उशाशीं पाण्याचा तांब्या, भिंतीवरील दिनदर्शिकेवर सव्वा महिन्याचे दिवस मोजून मारलेल्या रेघा. डॉक्टरांनीं दिलेला पथ्याचा कागद तिनें भावाकडून तीनदां वाचून घेतला होता. शेक-शेगडी नको म्हटल्यावर तिनें ती निमूटपणें वर्ज्य केली. पण हळिवाचे लाडू डॉक्टरांना विचारूनच केले. मीं कांहीं अवघडलेलें वाक्य बोलूं लागतांच ती म्हणाली, “सर, पोटचं लेकरू हाय. दुखतंय कुठं तेवढं बघायचं, बाकीचं मागनं.”

घरीं येऊन मीं रेवतीबाईंचें पुस्तक पुन्हां काढलें. दिंडिगल येथील शस्त्रक्रियेनंतरचे चाळीस दिवस त्यांत आहेत: आरशांत पाहावयाचें नाहीं, केस विंचरावयाचे नाहींत, आहाराचें पथ्य पाळावयाचें, आणि शेवटीं हळदीचें स्नान व मातेची पूजा. पहिल्या वाचनीं मला हे चमत्कारिक विधि वाटले होते. सेरेना नंदा या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीनें हिजड्यांवरील आपल्या १९९० च्या ग्रंथांत नोंदविलें आहे कीं, पारंपरिक रीतींत शस्त्र चालविणारीस ‘दाई’ म्हणत, आणि नंतरचीं बंधनें बाळंतिणीच्या बंधनांसारखींच असत. ज्यांना माहेर उरलें नाहीं, त्यांनीं माहेरची रीत स्मरणानें पुन्हां उभी केली, एवढाच त्या विधींचा अर्थ. रेवतीबाईंच्या लेखणीचें सामर्थ्य असें कीं, हा अर्थ त्या सांगत नाहींत. पथ्याचा तपशील सांगतात आणि आईची उणीव वाचकाच्या ध्यानांत आपोआप येते. विद्याबाईंची शैली अधिक सुशिक्षित व वेगवान. पण त्या वेगांत बरें होण्याच्या दिवसांना पुरेशी जागा मिळत नाहीं, हा त्या ग्रंथाचा दोष मला आजही वाटतो.

मराठी पुस्तकाची गोष्ट निराळी. ठाण्याच्या घरांतील आईबापांनीं लक्ष्मींना टाकलें नाहीं. त्या घराचें चित्र हा त्या ग्रंथाचा सर्वोत्तम भाग होय. परंतु निर्वाण हें ऐच्छिक असून आपण तें केलेलें नाहीं, असेंही त्यांनीं स्पष्ट सांगितलें आहे. म्हणजे तामीळ ग्रंथांत शस्त्रक्रिया आहे, तिच्याजवळ घर नाहीं. मराठी ग्रंथांत घर आहे, तेथें ही शुश्रूषा नाहीं. आई आणि बिछाना एका पानावर या तिन्हींत कोठेंही येत नाहींत. तें पान मीं दौंडास पाहिलें.

तें लिहिलें जाणें अगत्याचें आहे, कारण ज्ञान पुष्कळ पुढें गेलें आहे. पूर्वीच्या निर्वाणांत पुरुषावयव काढून टाकीत, एवढेंच. रक्तस्राव, जंतुदोष, लघवीचा मार्ग आकसणें हे धोके मोठे असत. आज शल्यविशारद स्त्रीदेहाची रचनाही घडवितात. परंतु नवा मार्ग मिटूं नये म्हणून डायलेटर नांवाचें साधन प्रथम दिवसांतून अनेक वेळां, आणि पुढें महिनोन्महिने वापरावें लागतें. कित्येक आठवडे ओझें उचलावयाचें नाहीं, आणि पायांत रक्ताच्या गांठी होऊं नयेत म्हणून थोडें थोडें चालणेंही सोडावयाचें नाहीं. आणखी एक गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. पहिल्या कांहीं आठवड्यांत अनेकांचें मन एकाएकीं खचतें, रडूं येतें. वेदना, अपुरी झोंप व परावलंबन यांचें तें फळ असतें. अशा वेळीं ‘पाहा, पश्चात्ताप झाला’ असें म्हणणारा नातेवाईक जखमेपेक्षां अधिक इजा करतो.

बरें होण्यास औषधाइतकीच रजाही लागते. बीड जिल्ह्यांतील पोलीस शिपाई ललित साळवे यांनीं २०१७ मध्यें शस्त्रक्रियेसाठीं रजा मागितली, ती नाकारली गेली, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. शासनाची अनुमति मिळाल्यावर मे २०१८ मध्यें मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली. २०१९ च्या कायद्याच्या १५ व्या कलमानें अशा वैद्यकीय सोयींचें कर्तव्य शासनावर घातलें. परंतु उशाशीं बसावयास माणूस द्यावा, असें कलम कोणत्याही कायद्यांत घालतां येत नाहीं.

माझी विद्यार्थिनी आतां चालूं-फिरूं लागली आहे, कामावरही जाते. गेल्या वर्षभरांत दोघींच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं ती पुण्यास जाऊन त्यांच्याजवळ राहिली. एकीच्या घरचें कोणी आलें नाहीं. तेथें हिची आई डबा घेऊन गेली. आपल्या अनुभवावरून तिनें एक वही केली आहे. रुग्णालयांत जातांना काय न्यावें. बसण्यास कोणती उशी. कोणत्या दिवशीं काय दुखतें. ताप आला, रक्त थांबेना किंवा लघवी अडली तर घरगुती उपाय न करतां ताबडतोब डॉक्टर गांठावा. रडूं आलें तर कोणाला हांक मारावी. ही वही तिनें ‘भाषा तपासून द्या’ म्हणून माझ्याकडे पाठविली. मीं पांच-सहा ठिकाणीं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलें. वाक्यांना हात लावला नाहीं, कारण एकही वाक्य निरुपयोगी नव्हतें. पुढें कोणा आत्मचरित्रकाराला उपयोगीं पडेल असें गद्य तेंच आहे.

विद्याबाईंचीं व रेवतीबाईंचीं पुस्तकें वाचकांनीं अवश्य वाचावींत. परंतु धाडसाची कथा म्हणून नव्हे. आपल्या एखाद्या लेकीला हा प्रवास करावा लागला, तर त्या चाळीस दिवसांत तिच्या बाजेशेजारीं कोण असेल, हा प्रश्न मनांत ठेवून वाचावींत. माझ्या प्रतींतील तो शेरा मीं खोडला आहे. खोडरबरानें कागद थोडा खरवडला गेला, आणि ती खूण मीं तशीच राहूं दिली आहे.