‘फक्त प्रौढांसाठी’चा वारसा

२०१७ च्या इफ्फीसाठी (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी) परीक्षकांनी रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट भारतीय पॅनोरमा विभागात निवडला होता. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो वगळला आणि परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची ही गोष्ट पणजीच्या महोत्सवात दिसलीच नाही. पुढच्या जानेवारीत सेन्सॉरने एकही काट न सुचवता चित्रपटाला ‘ए’, म्हणजे ‘फक्त प्रौढांसाठी’, प्रमाणपत्र दिले.

‘न्यूड’ नवा आहे, गाजलेला आहे, तो टिकेल. चिंता जुन्यांची आहे. बी. आर. इशारा यांचा ‘चेतना’ (१९७०) किंवा बी. के. आदर्श यांचा ‘गुप्त ज्ञान’ (१९७४) यांना प्रेक्षक मिळाले, प्रतिष्ठा मिळाली नाही. ज्या चित्रपटाचे नाव घरात घेतले जात नाही, त्याच्या डब्यांची विचारपूस कोण करणार? म्हापशाच्या जेरी ब्रागांझा यांनी काढलेल्या ‘मोगाचो आंवडो’ (१९५०) या पहिल्या कोंकणी चित्रपटाचीही प्रत आज सापडत नाही. मानाच्या चित्रपटाची ही गत, तर बदनामांचे काय!

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) पी. के. नायर यांनी चांगले-वाईट न निवडता रिळे जमवली. संग्राहकाने न्यायनिवाडा करू नये, ही त्यांची दृष्टी आजही सर्वांत मोलाची आहे. मात्र चित्रपटाची प्रत संग्रहालयात देण्याची कायद्याने सक्ती नाही, म्हणून बरेच काही निर्मात्यांच्या गोदामांत अडकले. ॲसिटेटची फिल्म उष्ण, दमट हवेत कुजते आणि तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो. गोव्यातल्या चोपडे-पेडण्याच्या खाडीकाठच्या हवेत तर साध्या व्हिडिओ कॅसेटलाही बुरशी धरते.

डिजिटल युगाने दुर्मीळ चित्रपट घराघरांत आणले, पण मिळणारी फाईल पुष्कळदा व्हीसीडीवरून उतरवलेली असते: चौकट कापलेली, रंग विटलेले, प्रसंग गाळलेले. तिला जतन म्हणता येत नाही. जतन म्हणजे मूळ निगेटिव्ह किंवा उत्तम प्रिंट शोधणे, फ्रेम न फ्रेम स्कॅन करणे, लांबी सेन्सॉरच्या नोंदीशी ताडून पाहणे. हार्ड डिस्कही कायमची नसते. ठरावीक वर्षांनी सगळे नव्या माध्यमावर उतरवावे लागते.

जपणे आणि सर्वांना दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रौढ अभ्यासकांपुरता प्रवेश ठेवता येतो. संमतीशिवाय चित्रित झालेल्या गोष्टींना वारशाचे नाव देऊन पांघरूण घालता कामा नये. या मर्यादा पाळून मराठी-कोंकणीतल्या ‘ए’ चित्रपटांची सूची आताच व्हायला हवी: मूळ लांबी किती, काय कापले, प्रत कुठे आहे. २००४ पासून इफ्फी गोव्यात भरतो. त्याच्या पुनर्संचयित चित्रपटांच्या विभागात दरवर्षी असा एक चित्रपट असावा. समाज काय पाहत होता आणि काय पाहायला लाजत होता, हे पुढच्या पिढीला त्या रिळांतूनच कळेल.