खिचडीतलं जुनं शेजारपण

एकादशीच्या आदल्या रात्री आई साबुदाणा भिजत घालायची. दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, वरचं पांढरं पाणी ओतून द्यायचं, दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून झाकण घालायचं. सकाळी ती एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायची. मधे कणी न लागता तो पुरता चिरडला, की म्हणायची, "झालाय." खिचडी बिघडायची असेल तर ती इथेच बिघडते.

उत्तम खिचडीचा दाणा मोत्यासारखा सुटा असतो. तरी तो कोरडा नसतो, दाताखाली मऊ लागतो. हे साधणं अवघड, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याला स्वतःची चव जवळजवळ नाही आणि आच लागली की तो पारदर्शक होऊन शेजारच्या दाण्याला मिठी मारतो. या मिठीतून त्याला सोडवतं ते शेंगदाण्याचं कूट. खमंग भाजून जाडसर कुटलेले शेंगदाणे भिजल्या साबुदाण्याला हलक्या हातानं चोळले, की ते वरचा ओलावा टिपून घेतात आणि दाण्यादाण्यामध्ये पडदा धरतात. साबुदाण्याकडे नसलेला खमंगपणा, स्निग्धपणा, अंगी लागणारा कस, सगळं कुटातून येतं. उलट, नुसतं कूट घशाशी बसतं, त्याला साबुदाणा मोकळं करतो. दोघांचं इतकं जमतं की एकाशिवाय दुसऱ्याची कल्पनाच करवत नाही.

ही दोघं मुळात शेजारी आहेत. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, अ‍ॅमेझॉन खोऱ्याच्या नैर्ऋत्य कडेला पहिल्यांदा माणसानं लावला. भुईमूग त्याच्या दक्षिणेचा. आजच्या दक्षिण बोलिव्हियात आणि वायव्य अर्जेंटिनात, अँडीजच्या पायथ्याशी दोन रानटी जातींच्या संकरातून तो जन्मला. कढईतला बटाटाही अँडीजच्याच उंच पठारांवरचा. हिरवी मिरची लागवडीला आली मेक्सिकोत, पण तिच्या कुळाचं मूळ शोधणारे अँडीजच्याच परिसराकडे बोट दाखवतात. फोडणीतलं जिरं पश्चिमेकडून आलेलं, पण संस्कृतात 'जीरक' म्हणून रुळलेलं, इतकं जुनं. घरचं म्हणावं असं एक तूप. म्हणजे तूप-जिऱ्यानं यजमानपण करायचं आणि एका मुलखातून पांगलेल्या मंडळींनी आपल्या कढईत पुन्हा भेटायचं, अशी ही खिचडी आहे.

१४९२ नंतर युरोपची जहाजं अमेरिकेला लागली आणि ही मंडळी पांगली. पुढे पोर्तुगीजांनी त्यातली कितीतरी पिकं आफ्रिकेच्या आणि आपल्या किनाऱ्याला उतरवली. त्या प्रवासाची एक बाजू काळी आहे. आफ्रिकेतून माणसं गुलाम करून ब्राझीलला नेणाऱ्या जहाजांवर त्यांच्यापुढे कसाव्याचं पीठ टाकलं जाई. खिचडीची गोडी सांगताना ती भूक विसरून चालणार नाही.

आपल्या तोंडी आलेले शब्दही त्याच जहाजांतून उतरले. 'बटाटा' पोर्तुगीजांनी दिला. त्यांच्या आधी तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा शब्द होता, तोही रताळ्यासाठीचा. 'साबू'च्या मागे आहे मलय भाषेतला 'सागू', आग्नेय आशियातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातलं पिष्ट. नाव त्या झाडाचं राहिलं आणि आत ब्राझीलचा कंद येऊन बसला. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत प्रजेच्या पोटाला आधार म्हणून या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात मलाया-सिंगापूरकडून येणारा माल थांबला, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलमनं साबुदाणा करायला घेतला. आज आपल्या डब्यातला बहुतेक साबुदाणा सेलमच्या आसपासचाच असतो.

तिथे कंद धुतात, सोलतात, किसतात. त्याचं दूध टाक्यांत निवळत ठेवतात. तळाशी बसलेला ओला साका फोडून हलवत हलवत गोल दाणे वळतात, तापल्या तव्यांवर शेकतात आणि उन्हात वाळवतात. हा उद्योग विसाव्या शतकातला, पण त्यातलं मूळ ज्ञान हजारो वर्षांचं. कच्च्या कसाव्यात विष असतं. अ‍ॅमेझॉनकाठच्या बायकांनी कधीकाळी शोधून काढलं की कंद किसला, धुतला, पिळून त्याचा रस निथळू दिला आणि भाजला, की विष जातं आणि अन्न उरतं. टॅपिओका हा शब्दही तिकडच्या तुपी भाषेतला, या पिळून काढलेल्या साक्यासाठीचा.

त्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. साबुदाण्याला कूट लावून पाहणारी आपल्याकडची पहिली बाईही अशीच अनामिक. जुन्या शेजाऱ्यांची आपण गाठ घालून देतोय, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिच्या बोटांना एवढंच कळलं की याला त्याची गरज आहे. साता समुद्रांपलीकडची वस्तू उपवासाच्या पानात बसली ती या बोटांमुळे. खिचडीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही जाण आहे. जहाजांनी जिन्नस आणले, पण चव बायकांच्या हातांनी जुळवली.

आता आदल्या रात्री साबुदाणा मी धुतो. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघतं. अ‍ॅमेझॉनच्या काठी कुणा बाईनं किसलेल्या कंदावर पहिलं पाणी घातलं, सेलमच्या टाक्यांत त्याच कंदाचं दूध निवळलं, आणि त्या धुण्यातलं शेवटचं पाणी माझ्या मोरीत निथळतं आहे. दाणे जेमतेम बुडतील एवढं नवं पाणी घालून मी झाकण ठेवतो. सकाळी एक दाणा बोटांत धरून बघायचा, मधे कणी लागते का ते.