पीटर पॅनला काय आठवत नाही?

मित्रहो, आज आपण अशा एका पुस्तकाकडे वळू, जे आपल्यापैकी बहुतेकांना 'माहीत' असतं, पण मुळातून वाचलेलं क्वचितच असतं. जे. एम. बॅरी यांचा पीटर पॅन १९०४ साली लंडनच्या रंगभूमीवर आला. पुढे १९११ साली बॅरींनी त्याच कथेची कादंबरी केली, 'पीटर अँड वेंडी'. आपल्याला भेटलेला पीटर मात्र बहुधा डिस्नेच्या १९५३ च्या चित्रपटातला, नाहीतर एखाद्या संक्षिप्त आवृत्तीतला असतो. उडणारा मुलगा, समुद्री चाचे, पोटात घड्याळ वाजणारी मगर. आणि त्यावरून आपण करून घेतलेली एक समजूत : कधीच मोठं न होणं म्हणजे केवढं सुख!

ही समजूत मूळ कादंबरीत टिकते का, एवढंच आज पाहू.

मोठेपणी वाचताना पहिली गोष्ट खटकते ती ही, की पीटर सारखा विसरतो. नेव्हरलँडकडे उडत जाताना तो मध्येच कुठेतरी भटकून येतो, आणि वेंडीला त्याला स्वतःचं नाव सांगावं लागतं. शेवटच्या प्रकरणात तो वर्षभरानं परत येतो. वेंडी जुन्या गोष्टी काढायला उत्सुक, तर हा विचारतो, कॅप्टन हुक कोण? ज्याच्यासाठी टिंकर बेलनं विष पिऊन टाकलं, त्याला तीही आठवत नाही.

आता लॉकची आठवण काढू. माणूस काल होता तोच आज आहे हे कशावरून? लॉकचं उत्तर थोडक्यात असं : देहावरून नव्हे, जाणिवेच्या आणि स्मृतीच्या सातत्यावरून. ही कसोटी लावली तर पीटरचा देह तोच राहतो, दुधाचे दातसुद्धा तेच. पण कालचा पीटर आज शिल्लक नसतो. म्हणजे तो मोठा होत नाही, कारण त्याच्याजवळ काही साठतच नाही.

वेंडीला हे कळलेलं आहे. नेव्हरलँडमध्ये आपले भाऊ आईवडिलांना विसरू लागलेत असं दिसताच ती चक्क परीक्षा घेते. आईच्या डोळ्यांचा रंग कोणता, असे प्रश्न! लहानपणी हे गमतीचं वाटतं. आज आपल्यातल्या किती घरांत वृद्ध आईला किंवा वडिलांना रोज असेच प्रश्न विचारावे लागतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, विसरतो म्हणूनच तो सुखी आहे ना? बॅरी तसं म्हणू देत नाहीत. पीटरला झोपेत स्वप्नं पडतात आणि तो आक्रोश करतो. वेंडी त्याला मांडीवर घेऊन शांत करते, आणि जागं होण्याआधी परत निजवते, त्याला कळू नये म्हणून. दिवसा पुसलेलं रात्री वर येतं.

चरित्रावरून कलाकृतीचा अर्थ लावू नये, हे खरं. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. १८६७ साली बॅरींचा मोठा भाऊ डेव्हिड बर्फावरच्या अपघातात गेला, चौदावा वाढदिवस एका दिवसावर असताना. बॅरी तेव्हा सहा वर्षांचे होते. आईच्या मनात डेव्हिड कायम मुलगाच राहिला. 'कधीच मोठा न होणारा मुलगा' या शब्दांना दुसरा अर्थही आहे, आणि तो आनंदाचा नाही.

पुस्तकात दोष आहेतच. आदिवासींचं चित्रण आज वाचवत नाही. वेंडीच्या वाट्याला मोजे रफू करणं येतं. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

पण चित्रपटानं गाळलेलं ते शेवटचं प्रकरण पाहा. पीटर पुन्हा येतो तेव्हा वेंडीला मुलगी झालेली असते. ती अंधारात अंग चोरून बसते, मोठी दिसू नये म्हणून. आणि मग स्वतःच दिवा लावते. रडतो तो पीटर. पुढे त्याच खिडकीतून ती आपल्या मुलीला, जेनला, त्याच्याबरोबर जाऊ देते, काय गमावू शकतो हे पूर्ण ठाऊक असून. हे धैर्य पीटरकडे असूच शकत नाही. त्यासाठी आठवण लागते.

मुलांना हे पुस्तक जरूर द्या, ती पीटरबरोबर उडतील. आपण मात्र वेंडीजवळ थांबू. पुढच्या वेळी ते एक प्रकरण वाचून या, मग बोलू.