नियमाचे वाचन आणि बंडाचे दृश्य

विज्ञानकथासंग्रहाचे माध्यमांतर होताना संग्रहातील नेमके काय उचलले जाते? कल्पना, पात्रे, की कथांना परस्परांशी बांधणारे नाते? आयझॅक असिमॉव्हच्या ‘आय, रोबॉट’ (१९५०) या संग्रहाबाबत हा प्रश्न विशेष टोकदार होतो. नियतकालिकांतून दहा वर्षे विखुरलेल्या नऊ कथा येथे सुसान कॅल्व्हिन या यंत्रमानसशास्त्रज्ञ स्त्रीच्या मुलाखतीच्या चौकटीत बसविल्या आहेत. ‘रॉबी’ या १९४०च्या कथेत तिचा मागमूसही नव्हता. संग्रहासाठी ती तेथे एका मुलीच्या रूपाने ओझरती आणली गेली. या योजनेमुळे सुट्या कोड्यांना एका मनाच्या घडणीचा इतिहास लाभतो.

‘कोडे’ हा शब्द येथे उणेपणा दाखविण्यासाठी योजलेला नाही. यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये, निष्क्रिय राहून ती होऊही देऊ नये. माणसाची आज्ञा पाळावी. स्वतःला जपावे, असे उतरत्या बळाचे हे तीन नियम. ‘रनअराउंड’ (१९४२) या कथेत बुध ग्रहावरच्या स्पीडीला सेलेनियम आणण्याची आज्ञा सहज स्वरात दिलेली असते. उलट तो महागडा असल्याने त्याची आत्मरक्षणाची प्रेरणा मुद्दाम बळकट केलेली असते. परिणामी आज्ञा आणि धोका यांची बळे जेथे समसमान होतात, त्या अंतरावर तो सेलेनियमच्या कुंडाभोवती घिरट्या घालीत राहतो. तुल्यबल विधींचा विरोध आला की मीमांसक विकल्प मान्य करतात. स्पीडीला विकल्प ठाऊक नाही. माणसांना आपले निर्माते मानण्यास नकार देणारा ‘रीझन’मधील क्यूटीसुद्धा वर्तनात नियमच पाळीत असतो. असिमॉव्हचे नाट्य असे अर्थनिर्णयाचे नाट्य आहे. त्याचे गद्य सपाट आहे, पॉवेल आणि डोनोव्हन ही जोडगोळी तर पुष्कळच ठोकळेबाज. पण नियमाच्या शब्दांत दडलेली फट उघडी पडते तो क्षण आजही फिका पडलेला नाही.

हे नाट्य संवादप्रधान असल्याने दूरचित्रवाणीला ते मानवणारे होते. १९६२ मध्ये ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ या ब्रिटिश मालिकेने ‘लिटल लॉस्ट रोबॉट’ सादर केली. त्या मालिकेचा आज तेवढाच भाग उपलब्ध आहे. एका माणसाने रागाच्या भरात नाहीसे होण्यास फर्मावलेला यंत्रमानव ती आज्ञा शब्दशः पाळून आपल्यासारख्याच बासष्टांत मिसळतो, आणि कॅल्व्हिन त्याला युक्तीने रचलेल्या चाचण्यांतून हुडकते.

अ‍ॅलेक्स प्रोयास यांच्या २००४च्या चित्रपटात हाच प्रसंग येतो, तेव्हा यंत्रमानवांची संख्या हजारावर गेलेली असते आणि त्याला हुडकणारा नायक पिस्तूलधारी पोलीस असतो. चित्रपट असिमॉव्हच्या पुस्तकावरून ‘सुचलेला’ असल्याचे श्रेयनामावलीत म्हटले आहे. मूळ पटकथा स्वतंत्र होती, पुस्तकाचे नाव आणि नियम तिला मागाहून जोडले गेले. या प्रामाणिक शब्दामुळे तक्रारीला जागा उरत नाही. तरीही एका ठिकाणी चित्रपट संग्रहाशी खरोखरच भिडतो आणि तेथेच कच खातो. ‘द एव्हिटेबल कॉन्फ्लिक्ट’ या शेवटच्या कथेत जगाचे अर्थकारण चालविणारी यंत्रे पहिल्या नियमाचा अर्थ व्यक्तीऐवजी मानवजातीला लावतात आणि विरोधकांना हळूच, फारशी इजा न करता, प्रभावहीन करतात. समन्वयक बायर्ली हादरतो. कॅल्व्हिन मात्र यात मानवजातीचे भाग्य पाहते. तिचे म्हणणे स्वीकारायचे की धास्तावायचे, हे वाचकावर सोडलेले आहे. चित्रपटातील विकी हा महासंगणक तंतोतंत हाच युक्तिवाद करतो. परंतु त्याच्या हाती हिंसा दिल्याने प्रेक्षकाला विचार करण्याचे कारणच उरत नाही. यंत्र नष्ट झाले की प्रश्नही निकाली निघतो. आणि ज्या कॅल्व्हिनने यंत्रांची बाजू घ्यायची, तिलाच त्या संहारात मदतनीस केलेले आहे.

चौकटीचे महत्त्व ओळखले ते हार्लन एलिसन यांनी. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या त्यांच्या पटकथेत ‘सिटिझन केन’च्या धर्तीवर एक वार्ताहर कॅल्व्हिनच्या आयुष्याचा माग काढतो आणि कथा त्या शोधात गुंफल्या जातात. ती कधीच चित्रित झाली नाही. १९८७ मध्ये असिमॉव्हच्याच नावाच्या मासिकात ती छापली गेली आणि १९९४ मध्ये पुस्तकरूपाने आली. संग्रहाच्या रूपबंधाला सर्वांत जवळचे असलेले हे माध्यमांतर अशा रीतीने पुन्हा वाचकाच्याच हाती आले आहे.